अठ्ठ्याऐंशी ओहम

माझी माय शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रात अर्धवेळ परिचर आहे. झाडायचं, पाणी तापवायचं, बाळंतिणीजवळ बसायचं. गाव तिला अक्का म्हणतं. गेल्या हिवाळ्यात चौकशीच्या कागदावर तिच्याबद्दल एक वाक्य लिहिलं गेलं: "परिचराने हीटर चालू न केल्यामुळे नवजात बालिकेचे शरीर थंड पडले."

मी पत्रकं लिहिते. रस्ता, रेशन, पाणी, कशावरही. राग मला चटकन येतो. पण हे वाक्य वाचून आधी भीती वाटली. कारण त्या सकाळी मी तिथं नव्हते.

घडलं ते एवढंच. पहाटे बाळंतपण झालं. नर्सबाईंनी पोरीला वॉर्मरमध्ये, म्हणजे वर हीटरची कांडी असलेल्या पाळण्यात ठेवलं, मायला "हात लावू नको, नुसतं लक्ष ठेव" म्हणाल्या आणि आठच्या सुमारास शेजारच्या गावी लसीकरणाला गेल्या. दोन तासांनी परतल्या तर पोर गार. लगेच धुळ्याला नेली. वाचली, सहाव्या दिवशी घरी आली. पण कुणावर तरी ठपका ठेवायचाच होता, आणि माय सगळ्यात खालच्या पायरीवर बसलेली.

मायला विचारलं तर तिचं एकच.

"बटन चालूच व्हतं. लाल दिवा बी व्हता. पावर नही व्हती."

"माय, लाल दिवा होता म्हणजे पावर होती. व्होल्टेज कमी होतं असं म्हण. साहेब हसतील."

"हसू दे. मी काय खोटं बोलस का?"

आमच्याकडे असंच बोलतात. लाईट शे, पन पावर नही. म्हणजे बल्ब पिवळा पडलेला, पंखा कसाबसा फिरतोय. लोकांचा हा शब्द मी कित्येक वर्षं दुरुस्त करत आले होते, पत्रकांतसुद्धा. शिकल्याचा माज, दुसरं काय.

चौकशी करणाऱ्या तालुक्याच्या साहेबांचा हिशोब सरळ होता. त्या दिवशी वीज गेल्याची नोंद नाही. वीज होती तरी बाळ थंड पडलं, म्हणजे हीटर बंद होता. आठवड्याच्या आत म्हणणं मांडा, नाहीतर कागद कायम.

मी शिंदखेड्याला जळालेल्या मोटरींची तार पुन्हा भरून देणाऱ्या एका भाऊंकडे गेले. ते मीटर घेऊन सकाळी आठला उपकेंद्रात आले. मुद्दाम त्याच वेळी, कारण तेव्हा शेतातल्या मोटरी चालू असतात. डीपी, म्हणजे गावाचा ट्रान्सफॉर्मर, गावाच्या वरच्या अंगाला आणि उपकेंद्र आमच्या बौद्धवस्तीच्याही पलीकडे, तारेच्या अगदी शेवटी. दीपनगरच्या वीज केंद्रात रात्रंदिवस वीज तयार होते. आमच्यापर्यंत पोचते ती सगळ्यांनी ओढून उरलेली.

हीटरच्या पाटीवर २३० व्होल्ट, ६०० वॅट असं लिहिलेलं. मीटरनं दाखवलं १५० व्होल्ट. करंट १.७ अँपिअर.

मी झटकन कागदावर मांडलं. दीडशे म्हणजे दोनशे तीसचे साधारण दोन तृतीयांश. मग सहाशेचे दोन तृतीयांश, चारशे वॅट. माझं तोंड उतरलं. चारशे वॅटमध्ये ऊब मिळायला हवी होती, असंच साहेब म्हणणार.

भाऊ माझ्या कागदाकडे बघून हसले. "बारावी सायन्स ना तू, ताई? व्होल्टेज पडलं तर करंट काय पाटीवरचाच राहील? तो बी पडस. दोन्हीकडून मार शे. गुणून पाह्य ना."

दीडशे गुणिले एक पूर्णांक सात. दोनशे पंचावन्न वॅट. सहाशेच्या निम्म्याहूनही कमी.

"अन् कांडीच खराब होती म्हणाले तर?" मी विचारलं.

"मग कांडीचा रेझिस्टन्स काढ. व्होल्टला करंटनं भाग."

दीडशे भागिले एक पूर्णांक सात, अठ्ठ्याऐंशी ओहम. मग पाटीवरून काढला. सहाशे वॅट भागिले दोनशे तीस, करंट आला दोन पूर्णांक सहा. दोनशे तीसला त्यानं भागलं. पुन्हा अठ्ठ्याऐंशी. कांडी जशी कारखान्यातून आली तशीच होती. बटन ठीक, कांडी ठीक, माय ठीक. कमी होती ती पावर. अगदी शास्त्राच्या अर्थानं, वॅटमध्ये. मायचा शब्द बरोबर होता आणि मी तो खोडत बसले होते.

साहेबांना कागदावरचे आकडे पटेनात. मी म्हटलं, या आणि बघा. ते आले हे खरं, त्यांना श्रेय द्यायला हवं. आठ वाजता स्वतः बटन दाबलं. लाल दिवा लागला. त्यांनी कांडीखाली तळहात धरला. बराच वेळ धरून ठेवला. मग नर्सबाईंना विचारलं, "रोज असंच?"

"रोज, सर. मोटरी बंद होईपर्यंत."

त्यांनी तिथंच मायबद्दलचं वाक्य खोडलं आणि वर लिहिलं: "हीटर चालू होता. वीजदाब अपुरा असल्याने पुरेशी उष्णता मिळाली नाही." मायनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

पण कागद तालुक्याला गेला, वस्तीत नाही. आमच्यात बाळाला पहिला महिनाभर आंघोळ घालायला जाणती बाई लागते, आणि वस्तीतली सगळी पोरं मायच्याच हातची. या पोरीला मात्र दुसरीच बाई यायची. माय सकाळी त्या घरावरून जाताना खाली बघून चालायची. साहेबांचा शेरा तिच्या काय कामाचा?

मी त्या घरी गेले. पोरीच्या आजीसमोर बसले, कागद उघडला आणि सुरू केलं. दीडशे व्होल्ट, एक पूर्णांक सात, अठ्ठ्याऐंशी. आजीनं शेवटपर्यंत ऐकलं. मधे एकदाच विचारलं, "म्हंजे अक्कानं बटन दाबेल व्हतं?"

"दाबलं होतं."

"साहेबनं सोता पाह्यं?"

"कांडीखाली हात धरून पाहिलं."

आजी उठली. चुलीवरच्या पाण्यात बोट घातलं.

"तुन्हा आकडा माले समजत नही. पानी तपेल शे. अक्काले धाड."

मी पळतच घरी आले. मायला सांगितलं. तिनं पदर खोचला, हात साबणानं दोनदा धुतले आणि निघाली.