प्रश्नासोबत राहणारे गृहस्थ

‘आधी आपण या प्रश्नासोबत राहूया,’ असं म्हणून ते डोळे मिटत. दोन्ही तळवे मांडीवर उताणे. समोरच्यांनीही तसंच बसावं, अशी अपेक्षा. मी आयुष्यभर मराठी शिकवलं. माणसं प्रश्न सोडवतात, टाळतात, भिजत ठेवतात, एवढं मला माहीत होतं. प्रश्नासोबत कुणी राहतं, हे त्यांच्याकडून कळलं.

तुम्हीही असे लोक पाहिले असतील. सैल सदरा, मऊ आवाज, आणि काहीही विचारलं तरी उत्तर न देता उत्तर मिळाल्याचा भास निर्माण करायची हातोटी.

डोंबिवलीच्या एका मराठी शाळेतून मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, त्याच वर्षी ते घरी आले. ठाण्यात कोलशेतला खाडीच्या अंगाला एका आगरी कुटुंबाची जागा भाड्याने घेऊन सात-आठ देशांतली माणसं एकत्र राहत होती. एकच स्वयंपाकघर, कामं वाटून घेतलेली, सगळं सगळ्यांनी मिळून ठरवायचं. आता त्यांना माध्यमिक शाळा काढायची होती, आणि तिचा आराखडा हे गृहस्थ करत होते. ‘पूर्ण माणूस घडवणारी शाळा,’ ते म्हणाले. म्हणजे मी इतकी वर्षं अर्धी माणसं बाहेर पाठवली होती. तरी मी हो म्हटलं. मुख्याध्यापिका म्हणून कुणी पुन्हा हाक मारणार, याचा मोह झाला.

शनिवारी बैठक असे. भिंतीवर एकात एक रंगीत वर्तुळांचा मोठा तक्ता. मधोमध ‘मूल’, सगळ्यात बाहेर ‘विश्व’. भूगोलाचं नाव ‘पृथ्वीशी नातं’ झालं होतं, पी.टी.चं ‘देहाचा उत्सव’. गणित कुठल्या वर्तुळात आहे, ते मला शेवटपर्यंत सापडलं नाही. पहिल्याच बैठकीत मी विचारलं, की आठवीला गणिताच्या तासिका किती ठेवायच्या. त्यांनी डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले. खाडीचे डास तुटून पडले होते आणि त्या शांततेत माझ्या एकटीच्या चापट्यांचा आवाज येत होता.

तेवढ्यात एका जर्मन बाईने डोळे उघडून विचारलं, मुलींसाठी संडास कुठे असणार? ते तिच्याकडे बघून हसले, लहान मूल काही बोललं की हसतात तसे. पुढच्या महिन्यात त्या बाईने स्वतः गवंडी आणून दोन संडास बांधून घेतले. त्या शाळेचं विटा-सिमेंटमधलं एवढंच बांधकाम झालं.

मी मान्यतेची फाइल तयार केली. जागेचे कागद, खोल्यांची मापं, शिक्षकांच्या पदव्या, सगळं क्रमाने लावून त्यांच्या हातात दिलं. त्यांची सही व्हायची आणि फाइल ठाण्याच्या शिक्षण खात्याच्या कार्यालयात जायची, एवढंच उरलं होतं. त्यांनी ती दोन्ही हातांत धरली, प्रसाद घ्यावा तशी. म्हणाले, ‘बाई, मान्यता आतून यायला हवी.’ मला वाटलं, हे त्यांचं नेहमीचं बोलणं. सही करतीलच.

जागेच्या मालकीणबाईंची मुलगी रसिका तेव्हा आठवी संपवून नववीत जाणार होती. ती अडखळत बोलायची. शाळेत पाठ्यपुस्तक वाचायला उभी राहिली की वर्ग हसायचा, म्हणून ती जायलाच नको म्हणत होती. तिची आई एका बैठकीला दारात येऊन उभी राहिली आणि मला म्हणाली, ‘मॅडम, तुमच्या शालेत आमची पोर येल का?’ मी काही बोलायच्या आत ते उठले, तिला हाताला धरून वर्तुळात बसवलं आणि म्हणाले, शाळा तिचीच आहे. रसिकाचा दाखला जुन्या शाळेतून काढला गेला. मी तिथेच बसले होते. मान्यता आलेली नाही, थांबा, असं मी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.

शाळा एका पत्र्याच्या शेडखाली सुरू झाली. अकरा मुलं होती, रसिका सोडली तर सगळी तिथल्या परदेशी लोकांची. मुलांनी माती मळली, एकमेकांचे श्वास ऐकले, सूर्याला पत्रं लिहिली. मी गणिताचं पुस्तक काढलं की ते मऊ आवाजात म्हणत, ‘बाई, मुलांवर उत्तरं लादू नका.’ सात पाचे किती, हे लादल्याशिवाय कसं कळणार, हे मी विचारलं नाही. मला पुन्हा डोळे मिटायचे नव्हते.

एक गोष्ट मात्र मी पाहिली, आणि ती न सांगणं लबाडी होईल. रोज चार वाजता ते रसिकाला घेऊन जांभळाखाली बसत. ती वर्तमानपत्रातली एखादी बातमी वाचायची. एकेका शब्दावर अडायची, मानेच्या शिरा ताठ व्हायच्या. ते तिचा शब्द कधी पुरा करत नसत. घाईही नाही, शाबासकीही नाही. त्या तासात त्यांचे डोळे उघडे असत. वर्षभरात पोर सबंध बातमी वाचू लागली, मग आईशी मोठ्याने भांडू लागली. मला आनंद झालाच, पण रागही आला. या माणसाला हे जमावं, याचा.

दुसऱ्या वर्षी दहावीच्या फॉर्मची वेळ आली. रसिकाची आई विचारायला आली, तेव्हा मी त्यांच्या टेबलाचा खण उघडला. फाइल होती. मी बांधलेली नाडीसुद्धा सुटलेली नव्हती.

ते म्हणाले, परीक्षा ही भीतीची व्यवस्था आहे, आणि रसिका तर भीतीच्या पलीकडे गेली आहे. आईने सगळं ऐकून घेतलं. मग अगदी हळू म्हणाली, ‘सर, या बाकीच्या पोरांना त्यांचा देश हाय. आमच्या पोरीला काय हाय?’

त्यांनी डोळे मिटले. ती बाई तशीच त्यांच्याकडे बघत उभी राहिली. एका प्रौढ माणसाची इतकी किळस मला त्याआधी कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी रसिकाला घेऊन माझ्या जुन्या शाळेत गेले आणि बाहेरून बसणाऱ्यांचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. सहा महिने ती डोंबिवलीला माझ्या घरी येत होती. बीजगणित मी माझ्या एका जुन्या सहकाऱ्याच्या पाया पडून त्याच्याकडून तिला शिकवून घेतलं. पास झाली. गणितात काठावर. तोंडी परीक्षेत मात्र ती न थांबता बोलली, असं तिथल्या बाई मला मुद्दाम सांगायला आल्या.

त्या सुमारास वस्ती मोडत आली होती. लोक आपापल्या देशी गेले. जर्मन बाई सगळ्यात शेवटी गेली, संडास धुऊन. रसिकाच्या वडिलांनी जागा परत घेतली. आता तिथे हिरवी जाळी लावून क्रिकेटचं टर्फ केलंय.

मग एका दुपारी ते माझ्याकडे आले. परदेशात अशीच एक वस्ती शाळा काढणार होती, तिथे दाखवायला यांना माझं शिफारसपत्र हवं होतं. मजकूर लिहूनच आणला होता. ‘यांनी एक परिपूर्ण माध्यमिक शाळा उभारली.’ खाली माझं नाव, सहीसाठी जागा. मी म्हटलं, हे मी लिहिणार नाही.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, ‘मग दोन वर्षं मी काय केलं, असं लिहाल?’

इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते असं काही विचारत होते, ज्याचं उत्तर त्यांना हवं होतं. सदऱ्याची कॉलर विरलेली दिसली. साठीला आलेला माणूस, आणि पुढचा मुक्काम कुणीतरी ठेवून घेईल तिथे. मी आतून कागद आणला आणि लिहिलं, की एका मुलीला बोलायची भीती वाटत होती. यांनी वर्षभर रोज एक तास तिच्याजवळ बसून ती घालवली. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. सही केली.

त्यांनी दोनदा वाचलं. घडी घातली, उलगडली, टेबलावर ठेवली.

‘हे त्यांना उपयोगाचं नाही, बाई,’ ते म्हणाले. चहा संपवला, नमस्कार केला आणि निघाले.

मी कागद घेऊन जिन्यापर्यंत गेले. ते एक मजला उतरले होते. हाक मारली, तर वर न बघता त्यांनी हात हलवला आणि उतरत राहिले.