पाहुण्यांना पाणी द्यायचा पेला

माझ्या वडिलांचा पितळी पेला इंग्लंडमधल्या स्लाऊच्या लायब्ररीत सहा आठवडे काचेच्या कपाटात होता. त्यावरून आमच्या मंडळात जे झालं ते लोक मला अजून ऐकवतात, आणि ऐकवून झालं की "जाऊ दे, झालं ते झालं" असंही म्हणतात. मी जाऊ देत नाही. ज्यांना ते जड जातं त्यांनी इथेच थांबावं.

आठवडाभर मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासायची, आणि रविवारी एका प्रायमरी स्कूलच्या हॉलमध्ये मंडळाचा मराठी वर्ग घ्यायची. आठ वर्षं घेत होते. "माझा आई आला" म्हणणाऱ्या पोरांना "माझी आई आली" म्हणायला शिकवायचं, दिवाळीला खुर्च्या मांडायच्या, गणपतीत दोनशे माणसांचा मसालेभात ढवळायचा, सगळं केलं. मंडळ माझंच होतं. तिथे कुणी मला कधी वाकडा शब्द बोललं नाही. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यामुळे "कुठले तुम्ही?" झाल्यावर पुढचा प्रश्न लोकांच्या ओठांवरच राहायचा. मग कधीतरी ते घरी यायचे, दिवाणखान्यात निळ्या कोटातला फोटो बघायचे आणि त्यांना उत्तर मिळायचं. चहा सगळ्यांनी घेतला, हेही सांगायला हवं. फक्त पुढच्या वेळी "तुमच्यात हे करतात का?" असे प्रश्न सुरू व्हायचे.

दोन हजारच्या दशकाच्या मध्यावर मंडळाला वारसा जतन करण्यासाठी एक ग्रँट मिळाली. ठरलं असं की साठ-सत्तरच्या काळात इथे आलेल्या मराठी घरांतून एकेक वस्तू गोळा करायची, प्रत्येकीसोबत एक कार्ड लावायचं आणि लायब्ररीत प्रदर्शन मांडायचं. पैठण्या आल्या, पुरणयंत्र आलं, एका घरातून हार्मोनियम आली. आमच्या अध्यक्षांनी त्यांच्या आजोबांचा सोवळ्याचा कद दिला, रेशमी, जांभळ्या रंगाचा, अजून चमक न गेलेला.

मी बाबांना विचारलं, तुम्ही काय देणार? मला वाटलं पहिल्या हिवाळ्यात घेतलेला ओव्हरकोट देतील, नाहीतर कारखान्याचा बिल्ला. ट्रेडिंग इस्टेटवरच्या, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या, रंगाच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं काढली होती. बाबा उठले, कपाटातून मफलरमध्ये गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. तो पेला होता. आजोबांनी बाजारात मोडीत घेतलेला, एका बाजूला पोचा आलेला. त्याची गोष्ट त्यांनी आम्हा भावंडांना आयुष्यात एकदाच सांगितली होती, आणि सांगून झाल्यावर बाहेर जाऊन गवत कापत बसले होते.

कार्ड त्यांनी स्वतः लिहिलं. चार वाक्यांना तीन दिवस लावले. "हा पेला मी शाळेत नेत असे. शाळेच्या पाण्याच्या माठाला हात लावायची मला परवानगी नव्हती. कुणी वरून पाणी ओतले तर मी ते यात घेत असे. कुणी ओतले नाही तर तहानलेला घरी येत असे." खाली सही, कारखान्यात हजेरीवर करायचे तशी, पूर्ण नावाची.

वस्तू न्यायला लायब्ररीतली बाई घरोघर फिरत होती. आमच्याकडे आली तेव्हा तिने पर्समधून पांढरे सुती हातमोजे काढले, ते घातले आणि मग पेला उचलला. बाबांनी विचारलं, हे कशासाठी? ती म्हणाली, आपल्या हातांचा घाम पितळेला वाईट, वस्तू आपल्यापासून जपावी लागते. बाबा हसायला लागले. इतके हसले की त्यांना खोकला आला आणि ती बिचारी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. "बघ," ते मला म्हणाले, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी पेल्याला जपतंय. एरवी लोक स्वतःला जपायचे." तिने एक फॉर्म भरून घेतला. त्यात लिहिलं होतं की वस्तूचा मालक ती केव्हाही परत मागू शकतो. बाबांनी तो दोनदा वाचला आणि सही केली.

पुढच्या रविवारी वर्गानंतर कमिटी बसली. टेबलावर सगळी कार्डं पसरली होती. अध्यक्ष माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, मी त्यांना काका म्हणायची. बाबांचं कार्ड त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि पुसत बसले. मग म्हणाले, "अगं, भावना समजतात. पण हे इथे कशाला? मेयर येणारेत, कौन्सिलची माणसं येणारेत. आपल्या मुलांना तर जात हा शब्दही माहीत नाही."

सेक्रेटरी माझी मैत्रीण. तिची मुलगी माझ्याच वर्गात होती. ती म्हणाली, "प्रॉब्लेम कार्डाचा नाहीये गं, टोनचा आहे. आपलं एक्झिबिशन कसं पॉझिटिव्ह, वेलकमिंग. त्यात हे एकदम हेवी होतं."

मी कदाचं कार्ड उचललं आणि मोठ्याने वाचलं. पूजेच्या वेळी नेसायचं वस्त्र, नेसल्यावर त्या व्यक्तीला कुणी शिवायचं नाही, असं त्यात छान इंग्रजीत लिहिलं होतं. मी विचारलं, "हे हेवी होत नाही का? शिवायचं नाही ते काचेत चालतं, मग ज्यांना शिवायचं नाही त्यांचा पेला का चालत नाही?"

मग सगळेच एकदम बोलायला लागले. आमचे आजोबा तसे नव्हते, आमच्याकडे सगळ्यांना सारखंच वागवायचे, इथे इंग्लंडात कशाला उकरून काढायचं, तू मनाला लावून घेतेस. शेवटी काका मऊ आवाजात म्हणाले, "आपण नुसतं 'पितळी पेला, महाराष्ट्र' लिहू. त्यात खोटं काही नाही ना?" शाळेचा केअरटेकर हॉल बंद करायला दारात किल्ल्या वाजवत उभा होता. आणि मी हो म्हणाले.

हे लिहिताना आजही माझाच राग येतो. त्यांचा येतो त्यापेक्षा जास्त. बाबांचं कार्ड मी पर्समध्ये टाकलं, घरी गेले आणि त्यांना काही सांगितलं नाही. ते रोज विचारायचे, "कार्ड टाइप केलं का गं त्यांनी?" मी म्हणायची, "करतायत."

उद्घाटनाला शनिवारी सकाळी बाबा ब्लेझर आणि टाय घालून तयार झाले. बूट आदल्या दिवशीच पॉलिश करून ठेवले होते. लायब्ररीत चकल्यांची ताटं होती, गळ्यात पदाची साखळी घातलेले मेयर होते, आमच्या बायका नऊवारीत होत्या. बाबा कुणाशी न बोलता सरळ कपाटापाशी गेले. पेला मधल्या फळीवर होता, शेजारीच कद. बाबांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढून पुसला, परत लावून वाचलं. मी जवळ गेले आणि मलाही ते दिसलं. इंग्रजीत आणि खाली मराठीत छापलं होतं: पाहुण्यांना पाणी देण्यासाठी वापरला जाणारा पारंपरिक महाराष्ट्रीय पेला.

"हे तू लिहिलंस?"

"नाही बाबा."

"तुला माहीत होतं?"

"तुमचं कार्ड लावणार नाहीत एवढं माहीत होतं. हे नाही."

"माझं कार्ड कुठंय?"

"माझ्याकडे. पर्समध्ये."

तेवढ्यात सेक्रेटरी आली, खुशीत होती. बाबांना म्हणाली, "काका, किती छान दिसतोय ना तुमचा पेला? नुसतं 'पितळी पेला' फार कोरडं वाटत होतं, म्हणून मी एक लाइन ॲड केली. आमच्या आजीकडे सेम असाच होता. दारात कुणी आलं की आधी पाणी."

तेव्हा मला कळलं की तिने हे मुद्दाम केलं नव्हतं. बाबांचं कार्ड तिने वाचलं होतं, मी भांडले तेव्हा ती समोर बसली होती, आणि तरीही लिहायला बसल्यावर पेला म्हटल्यावर तिला पाहुणा आठवला. तिच्या घरातल्या कुणाला कधी कुणी पाणी नाकारलं नव्हतं. दुष्टपणा असता तर मला भांडता आलं असतं. हे त्याहून वाईट होतं, आणि माझं डोकं तिथेच फिरलं.

पण माझ्याआधी बाबा बोलले. शांतपणे म्हणाले, "पाहुण्यांना पाणी द्यायचा आहे ना? मग देऊ या." लायब्ररीतल्या बाईला त्यांनी कपाट उघडायला सांगितलं. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, फॉर्मवर आहे, मालक केव्हाही मागू शकतो. तिने कुलूप काढलं आणि हातमोजे पुढे केले. बाबांनी ते घेतले नाहीत. पेला उघड्या हाताने उचलला, भाषणांच्या टेबलावरच्या जगमधून भरला आणि मेयरांशेजारी उभ्या असलेल्या अध्यक्षांपुढे धरला.

"अध्यक्षसाहेब, पाणी घ्या."

काका वाईट माणूस नव्हते. "अरे वा," म्हणाले, हसले, पेला घेतला. मान मागे टाकली, पेला उंच धरला आणि वरून धार सोडली. दोन घोट गेले, थोडं कॉलरवर सांडलं.

असं वरून पाणी आपल्याकडे पुष्कळ घरांत पितात. माझी आईसुद्धा प्यायची. दुसऱ्या कुठल्याही दिवशी माझं लक्षही गेलं नसतं. पण मी बाबांकडे बघितलं. शाळेची सगळी वर्षं त्यांनी तो पेला वरून पडणाऱ्या पाण्याखाली धरला होता, आणि आता त्याच पेल्यातून परत वरूनच पाणी पडत होतं. त्यांनी मान खाली घातली. ब्लेझर, टाय, पॉलिश केलेले बूट, आणि मान खाली. ते मला बघवलं नाही.

"काका," मी म्हटलं, "तोंड लावून प्या."

काकांनी पेला खाली घेतला. "अगं, सवय आहे. लहानपणापासूनची. उष्टं करायचं नाही म्हणून."

"सवयीबद्दलच बोलतेय मी."

मेयरांनी विचारलं, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, ठीक नाही, सांगते. पर्समधून कार्ड काढलं आणि बाबांची चार वाक्यं आधी मराठीत वाचली, मग इंग्रजीत. सेक्रेटरीने तोंडावर हात ठेवला. मागून कुणीतरी म्हणालं, "आज हे कशाला?" मी मागे वळून म्हटलं, "आजच. नंतर काढलं तर पुन्हा हॉल बंद करायची वेळ झालेली असेल."

काका पेल्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पेला ओठांना लावला आणि प्यायले. अर्धा झाल्यावर बाबांच्या हातात दिला. बाबांनी मान वर केली, काठ न पुसता उरलेलं पाणी प्यायले आणि पेला स्वतःच्या हाताने फळीवर ठेवला. लायब्ररीतली बाई टिश्यू घेऊन पुढे आली, पाण्याचे डाग पडतील म्हणाली. बाबा इंग्रजीत म्हणाले, "राहू द्या, प्लीज." मी छापलेली पट्टी काढली आणि त्या जागी त्यांचं कार्ड उभं केलं. सहा आठवडे ते तिथे राहिलं. कुणाची काढायची हिंमत झाली नाही.

कमिटीने मला पत्र पाठवलं, प्रसंगाचं औचित्य वगैरे. मी उत्तर दिलं नाही. दोन घरांनी मुलं वर्गातून काढली. मी वर्ग सोडेन असं पुष्कळांना वाटलं, काहींनी तसं सुचवलंही. पुढच्या रविवारी मीच हॉलचं दार उघडलं आणि मोठ्या मुलांना ती चार वाक्यं धडा म्हणून दिली. सेक्रेटरीच्या मुलीने विचारलं, "पण टीचर काय केला मग?" मी आधी तिचं वाक्य सुधारलं आणि मग सांगितलं की शिक्षकांनी काही केलं नाही, म्हणून तर पेला न्यावा लागायचा. तो धडा काढा असं मला तीनदा सांगण्यात आलं. तो मी शेवटपर्यंत शिकवला. सेक्रेटरीने मुलीला वर्गात ठेवलं, माझ्याशी बोलायला मात्र तिला वर्ष लागलं. आली तेव्हा म्हणाली, "मी वाचलं होतं गं ते कार्ड. वाचूनसुद्धा लिहिलं." मी "हो" म्हटलं. तिला बरं वाटावं म्हणून आणखी काही बोलले नाही.

प्रदर्शन संपल्यावर पेला परत आला. सोबतच्या फॉर्मवर वस्तूच्या स्थितीपुढे लिहिलं होतं: आत पाण्याचे डाग, मालकाच्या इच्छेनुसार. बाबा आता नाहीत. पेला माझ्या दिवाणखान्यात आहे, निळ्या कोटातल्या फोटोखाली. येणारे म्हणतात, चिंच लाव, दोन मिनिटांत लख्ख होईल. चिंच घरात असते. मी घासत नाही.