गिरणी बंद असतानाचा आलेख

आमच्या कॉलेजच्या सरांनी मला आठ दिवसांसाठी मुंबईला पाठवलं. वरळी कोळीवाड्यात हवामानाच्या बातम्यांसाठी सार्वजनिक रेडिओ बसवायचा होता. कुठे तो स्वच्छ ऐकू येईल, ते मोजायचं काम माझं. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. ऊर भरून आला होता.

गिरगावात उतरलो त्याच्या दुसऱ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ होता. ट्राम बंद, दुकानांना फळ्या. मी बॅटरीवरचा रेडिओ आणि काट्याचा मीटर खांद्याला अडकवून चालत निघालो. दर अर्ध्या मैलावर थांबून रेडिओ केंद्राच्या आवाजाची ताकद आणि मागची खरखर वहीत लिहायची. खरखरीच्या मानाने आवाज किती मोठा, यावर सगळं अवलंबून.

लालबागला एका चाळीच्या ओट्यावर मीटर मांडला, तर माणसं जमली.

"काय रे, सरकारी माणूस की काय तू?"

"नाही हो, विद्यार्थी आहे."

"मग आधी जेव." मालवणकडच्या एका बाईंनी भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी दिली. त्यांचे यजमान गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम होते. मीटरकडे बघून ते हसले. "आज आमच्या गिरणीतल्या विजेच्या मोटारी झोपल्यात, म्हणून तुझा रेडिओ बोलतोय. गिरणी चालू असताना ये, मग बघ कसा तडतडतो."

मला ते कळलं होतं. पण आलेखावर ठिपके इतके सुरेख, एका ओळीत येत होते की पुन्हा मोजावंसं वाटेना. शिवाय सरांकडे जादा दिवस मागायचा धीर नव्हता.

कोळीवाड्यात दोन जागा पाहिल्या. एक पार किल्ल्याच्या टोकाला. दुसरी रस्त्याकडे, गिरणीच्या भिंतीलगत, घरांना सोयीची. हरताळामुळे त्या दिवशी दोन्हीकडे आवाज स्वच्छ होता. मी दुसरी सुचवली आणि टपालाने अहवाल धाडला. चार दिवसांत खांब उभा राहून रेडिओ बसलासुद्धा.

निघायच्या आदल्या दिवशी तो बघायला गेलो. भिंतीपलीकडे गिरणी धडधडत होती. रेडिओतून नुसती तडतड. हिराबाई नावाची कोळीण कान लावून उभी होती. तिचे दोन्ही मुलगे पहाटेच होडी घेऊन गेले होते.

"काय बोलतंय रं ते?"

मलाही कळेना. वारा मात्र वाढत होता.

दुपार टळल्यावर होडी आली. पोरं चिंब, पण धड होती. जाळी समुद्रात गेली होती. मी हिराबाईला म्हणालो, "मावशी, जागा मी चुकीची निवडली. आधीच सांगितलं होतं एकानं."

ती रागावली नाही. रेडिओची कळ फिरवून तिने तो बंद केला. "ऱ्हाऊ दे. आमी आपलं आभाळच बघू."

"किल्ल्याकडे हलवायला सांगतो मी."

"हलव. पन आता कोन ऐकनार त्याचं?"

सरांना सगळं लिहून कळवलं. रेडिओ हलेलही. तिथली माणसं त्याच्यापाशी पुन्हा उभी राहतील का, ते मोजायचं साधन माझ्याकडे नाही.

घरी आलो तेव्हा वडील अंगणात सुतळी वळत होते. त्यांनी विचारलं, "तुझ्या शिक्षणाचा तिथल्या लोकांना उपयोग झाला ना?"

त्यांचा चेहरा बघून मी "हो" म्हणालो. ते आनंदाने शेजाऱ्यांना सांगायला उठले आणि मी त्यांना थांबवलं नाही.