देवाला पहिला नंबर

“उतरवा रं खाली! भंगार नाय त्ये, तयार माल हाय माझा!”

चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात सुपरवायझर काका ओरडत होते. आवाज असा, की शेजारच्या विमानतळावर उतरायला आलेलं विमान तसंच पुन्हा वर गेलं. मी पाहिलं नाही, पण खात्री आहे. भंगारवाल्याच्या टेम्पोत तीनशे चकचकीत गिअर चढले होते. तेच न्यायला ग्राहकाची गाडी दुपारी येणार होती.

“चचा, पर्ची तो तुम्हारेच कंप्यूटरने दिया ना,” भंगारवाला म्हणाला.

कंप्यूटरमधला प्रोग्राम माझा होता.

पाप आदल्या दिवशीचं. आमच्याकडं नव्या मशिनचा पहिला गिअर देवाचा. त्याला हळदकुंकू लागतं, तो फळीवर बसतो, कुणी विकत नाही. माझ्या एनममध्ये, म्हणजे गिअरच्या ठरलेल्या अवस्थांच्या बंद यादीत, नावं चारच: कच्चा, भंगार, तयार, रवाना. पाचव्याला कोड उंबऱ्यावरूनच हाकलतो. मग देवाचा गिअर लिहायचा कशात? मी यादीच्या शेवटी ‘देवाचा’ असं नाव जोडलं. काका मागं उभे होतेच.

“देवाला रांगेत सगळ्यात मागं? लई शिकलास की रं.”

मी शरमलो आणि देवाला पहिल्या जागी बसवलं.

आता माझी जुनी हुशारी ऐका. डेटाबेसमध्ये मी अवस्थेचं नाव ठेवलंच नव्हतं, नुसता रांगेतला क्रमांक ठेवला होता, तोही शून्यापासून. देव पुढं घुसला आणि बाकीचे एकेक घर मागं सरकले. तयार मालाची जुनी नोंद दोन, आणि दोनवर आता भंगार बसलेलं. कच्चा माल तर झाडून देवाचा झाला. एका रात्रीत आमच्या फळीवरचा देव मराठवाड्यातला सगळ्यात मोठा लोखंडवाला.

मी कीबोर्डवर असा तुटून पडलो की दोन बटणं आजही सापडलेली नाहीत. ‘देवाचा’ शेवटी नेलं आणि प्रत्येक नावाला त्याचा कायमचा क्रमांक लिहून दिला. आता रांगेत कुणीही घुसो. तोवर काकांनी तीनशेच्या तीनशे गिअर उतरवून घेतले होते.

मी भीत भीत विचारलं, “काका, देव परत शेवटी गेला. चालंल?”

काका फडक्यानं गिअर पुसत होते.

“चालतंय. त्याला कुठं रवाना व्हायचंय.”