कोनाड्यातले प्रस्थान

"वकीलसाहेब, अर्ज मागनं करा, आधी चला," असे म्हणून ते टोपी डोक्यावर दाबून बसवीत आणि चालू लागत. मी वकील नव्हे. दिवाणी न्यायालयातून कारकून म्हणून निवृत्त झालो. हे पक्के ठाऊक असूनही त्यांनी अख्ख्या टेमघरात माझे हेच नाव रूढ केले.

ज्याच्यावर रागावणे हा आपला रोजचा व्यायाम होऊन बसतो, असा एखादा शेजारी तुमच्याही गल्लीत असेल. हे माझ्या समोरच्या दारातले. जन्म शेतकऱ्याच्या घरचा, हयात यंत्रमाग दुरुस्त करण्यात गेलेली. उभे राहून राहून गुडघे झिजले होते. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "आईनं दिलेल्या गुडघ्यांवर एकदा त्र्यंबकला चालत जातो, मंग कापा." सोबतीला त्यांनी मला धरले.

मुहूर्त बुधवारचा आणि निघणे शुक्रवारी. म्हणून जुन्या रीतीप्रमाणे बुधवारीच त्यांनी प्रस्थान ठेवले. एका फडक्यात तांदूळ, सुपारी, हळकुंड आणि धुतलेले धोतर बांधून ते गाठोडे माझ्या कोनाड्यात आणून ठेवले. प्रस्थान बाहेर पडले म्हणजे प्रवास सुरू झाला. शुक्रवारी एकदा पाऊल उचलले की तो पुरा होईपर्यंत स्वतःच्या घराचा उंबरठा ओलांडायचा नाही, हा त्यांचा नियम. माझ्याही स्वभावाला नियम मानवतात.

पहिल्या दिवशी वज्रेश्वरी गाठायची होती. रस्त्याला पदपथ नाही, कडेला खडी, आणि अंगावरून जाणारे कंटेनर. मी प्रत्येकाचा नंबर लिहून घेत होतो आणि ते माझी बाही ओढीत होते. पुढे शेतांमधून जाणारी जुनी गाडीवाट लागणार होती. तिच्या तोंडाशी पोचलो, तर कोणा गोदामवाल्याने ती पत्रे ठोकून बंद केलेली! गावनकाशात नोंदलेली वाट कोणाच्या आदेशाने अडवली, असे मी पहारेकऱ्याला विचारले.

"चाचा, हम तो ड्यूटी पे हैं. सेठ से बोलो."

मी कलमे सांगत होतो, तोवर आमच्या शेजाऱ्यांनी त्या पहारेकऱ्याच्या हातावर अर्धी भाकरी ठेवलीसुद्धा. "त्याच्याशी काय भांडताय? तो बी पोटासाठीच उभा हाय," ते मला म्हणाले.

मोठ्या रस्त्याने लांबचा वळसा घालावा लागला. त्या खडीने त्यांचा गुडघा पार सुजवला, आणि वज्रेश्वरी दूरच राहिली. ते एका एसटी थांब्यावर बसले ते उठेनात. मी फोन केल्यावर त्यांचा मुलगा रिक्षा घेऊन आला.

"बाबा, घरी चला."

"न्हाय. प्रस्थान ठेवलंय."

उन्हे कलली तरी ते हलेनात. मुलगा माझ्याकडे पाहून म्हणाला, "काका, तुम्ही तरी सांगा."

मी विचार केला आणि म्हणालो, "प्रस्थान माझ्या घरी ठेवले होते. म्हणजे माझे घर हा प्रवासातला पहिला मुक्काम. मुक्कामावर परतणे म्हणजे घरी परतणे नव्हे."

त्यांनी तो युक्तिवाद नीट तपासला. मग टोपी दाबून म्हणाले, "वकील म्हनतो ते उगाच न्हाय."

गाठोडे पुन्हा माझ्या कोनाड्यात गेले आणि ते माझ्या पुढच्या खोलीत. सूनबाई गल्ली ओलांडून डबा आणी, तेव्हा ते गंभीरपणे विचारीत, "तुमच्या गावाला समदं बरं हाय ना?" खिडकीतून स्वतःच्या दाराकडे मात्र बराच वेळ बघत राहत.

मी ग्रामपंचायत, तहसील, जिल्हा असे तिन्हीकडे अर्ज केले. पोच मिळाली, उत्तर नाही. वाट बंद ती बंदच. ते रोज विचारीत, "आलं का उत्तर?" मी नाही म्हटले की म्हणत, "मंग गुडघा तरी बरा होऊ द्या, निघू."

गुडघ्याआधी ताप आला. रुग्णालयात नेले ते माझ्या दारातून. स्वतःचा उंबरठा त्यांनी शेवटपर्यंत ओलांडला नाही. रुग्णालयातून ते परतले नाहीत.

दिवसकार्य उरकल्यावर मुलगा गाठोडे मागायला आला. नदीत सोडू म्हणाला. मी नकार दिला. निघालेले सामान आहे, त्र्यंबकलाच जाईल, असे त्याला स्पष्ट सांगितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तहसीलदारांना लिहीत असलेले स्मरणपत्र अर्ध्यावर ठेवून मी गाठोडे खांद्याला अडकवले आणि बाहेर पडलो. नाक्यावर एक कंटेनर धुरळा उडवीत अगदी अंगावरून गेला. त्याचा नंबर लिहून घ्यायला मी थांबलो नाही.