मोडलेला हात आणि ट्रेमधली कोंबडी

वाशीच्या आमच्या बैठ्या घरातल्या मोरीत पाय घसरून मी पडले आणि उजवा हात मनगटापाशी मोडला. दवाखान्यातून घरी आले ती कोपरापर्यंत प्लास्टर घालूनच. पदरात पाच वर्षांची मुलगी. ह्यांची नोकरी रबाळ्याच्या एका कारखान्यात, इलेक्ट्रिशियनची. माणूस कामाचा, पण स्वयंपाकघरात चहा आणि उकडलेली अंडी एवढीच त्यांची मजल.

पहिले काही दिवस शेजारच्या ताईंनी तारलं. त्या मूळच्या खाडीकाठच्या गावातल्या. दुपारी झाकलेलं पातेलं घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "हात बरा होऊ दे, तवर कालवन माझ्याकडचं हाय." पण रोज रोज त्यांच्याकडून घ्यायचं तरी किती? मग रात्रीची खिचडी हे करू लागले. कधी पातळ, कधी बुडाला लागलेली. एके दिवशी मुलीने ताटाकडे बघून नुसतंच विचारलं, "आज पण?"

शनिवारी कामावरून आल्या आल्या हे म्हणाले, "उद्या मी कोंबडी करणार."

"आणि वाटण कोण वाटणार?" मी विचारलं. तेव्हा आमच्याकडे मिक्सर नव्हता. पाट्यावर ह्यांनी एकदा खोबरं वाटायचा प्रयत्न केला होता, त्यातलं निम्मं भिंतीवर गेलं होतं.

"वाटण लागतच नाही. आमच्या कारखान्यात एक गोव्याचे गृहस्थ आहेत, त्यांनी सांगितलं. कोंबडी, बटाटे, कांदे, सगळं एका ट्रेमध्ये मांडायचं आणि ओव्हनमध्ये ठेवून द्यायचं. बास."

ओव्हन घरात होता. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणींनी लग्नात वर्गणी काढून दिलेला, अॅल्युमिनियमचा, गोल, झाकणाला काचेची खिडकी. दोनदा केक करून मी तो माळ्यावर टाकला होता. रविवारी सकाळी ह्यांनी तो खाली काढला, वायर तपासली, कॉइल पुसली. हे सगळं ते इतक्या हौसेने करत होते की कोंबडी आणायला उशीर झाला.

मी स्टुलावर बसून सांगत होते. दही, आलं-लसूण ठेचून, हळद, तिखट, लिंबू. इथवर ठीक होतं.

"मीठ किती?"

"अंदाजाने."

"अंदाज म्हणजे किती?"

मला सांगता येईना. इतकी वर्षं मीठ हाताने घातलं होतं आणि तो हात प्लास्टरमध्ये होता. शेवटी ह्यांनी तळहातावर मीठ घेतलं आणि मी म्हणत गेले, अजून थोडं, अजून किंचित, हं, पुरे. त्या स्वयंपाकघरात आम्ही दोघं इतका वेळ एकत्र कधी थांबलोच नव्हतो.

बटाट्याच्या फोडी खाली, त्यावर कोंबडीचे तुकडे, कडेने कांदे आणि टोमॅटो असा ट्रे भरला, ओव्हन सुरू झाला, आणि दार वाजलं. दारात माझ्या सासूबाई. साताऱ्याकडच्या गावाहून एसटीने एकट्या आल्या होत्या. हाताचं पत्राने कळवलं होतं, त्या येतील असं मात्र वाटलं नव्हतं. एका हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी, दुसऱ्यात गाठोडं. समोर खांद्यावर टॉवेल टाकलेला, कोपरापर्यंत हळदीने पिवळा झालेला त्यांचा मुलगा.

मी घाईने उठून उभी राहिले. आता काय ऐकावं लागणार, असं मनात आलं.

"आरं, हे काय?" त्या म्हणाल्या. मग पदर खोचून थेट आत आल्या. "सर बाजूला."

"आई, तू बस. सगळं झालंय. आता फक्त वाट बघायची."

त्या बसल्या, पण बसवेना. दर थोड्या वेळाने उठून खिडकीच्या काचेतून आत बघत.

"ह्यात हलवायचं कवा?"

"हलवायचं नाही."

"मग बाईनं करायचं काय?"

"बसायचं," हे म्हणाले.

मध्येच फ्यूज उडाला. ह्यांनी तार बदलली तोवर सासूबाई "स्टो पेटवा" म्हणून सांगत होत्या. मग एक तुकडा काढून बघितला तर हाडापाशी गुलाबी. पुन्हा झाकण. शेवटी बटाट्यांच्या कडा तांबूस झाल्या, दह्याचं पाणी आटलं आणि लसणीचा खमंग वास ओटीपर्यंत आला. मुलगी धावत जाऊन बेकरीतला पाव घेऊन आली.

ह्यांनी ट्रे तसाच मधोमध पाटावर ठेवला आणि चार ताटल्या मांडल्या.

"तुमी जेवा, मी मागनं बसते," सासूबाई म्हणाल्या.

"मागनं करायला काही उरलंच नाही, आई. भाकरी नाही, पोळी नाही. बस."

त्या अवघडून बसल्या. ह्यांनी एक तंगडी त्यांच्या ताटलीत वाढली. पहिला घास घेऊन त्या म्हणाल्या, "तिखट कमी हाय. रस्सा पायजे हुता." पण खात राहिल्या. मी डाव्या हाताने चाचपडत होते, तर ह्यांनी आईदेखत पाव मोडून मला घास भरवला. मला लाजेने मान वर करवेना. सासूबाईंनी बघितलं आणि बटाट्याकडे हात नेला.

मग कांद्याचा भाव सांगावा तशा सहज म्हणाल्या, "लगीन झाल्यापासनं मी तंगडी गरम खाल्ली न्हवती."

ह्यांचा हात ट्रेवर थांबला. मग त्यांनी दुसरी तंगडी उचलून आईच्या ताटलीत ठेवली. सासूबाईंनी ती अर्धी करून नातीला दिली.

माझं प्लास्टर निघेपर्यंत त्या राहिल्या. एरवी मुलाला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही, पण रविवारी सकाळी स्वतःच विचारायच्या, "आज ते यंत्र काडनार न्हाईस का?" तिखट मात्र त्या स्वतः घालायच्या.

दिवाळीला आम्ही गावी गेलो. संध्याकाळी सासरे नेहमीप्रमाणे जेवायला बसले, हे बसले, मुलगी बसली. चुलीपुढून सासूबाईंनी भाकरींची टोपली उचलून आणली, कालवणाचं पातेलं आणलं, दोन्ही मध्ये ठेवली आणि मला हाक मारली, "ये गं, बसू आपण बी." सासऱ्यांनी वर बघितलं. मग आपलं ताट जरा ओढून घेऊन त्यांना जागा करून दिली. आधीच भाजून ठेवलेल्या भाकरी थोड्या गार झाल्या होत्या.