त्याच्या गाण्यातलं दुसऱ्याचं नाव

फोन आला तेव्हा खाली मैदानावर माझ्या भावाचंच गाणं वाजत होतं आणि त्यात नाव दुसऱ्याचं होतं. मी ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथपाल आहे. गॅदरिंगचे दिवस होते, मुलं दुपारपासून नाच बसवत होती आणि खिडक्या लावून घेतल्या तरी ठेका आत येतच होता. समोर पुस्तक परत करायला आलेली मुलगी नकळत पायाने ताल धरत होती. तेवढ्यात माझ्या भावाच्या, तुषारच्या कंपनीतून फोन. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर चाकणहून मोशीला घरी येताना त्याच्या मोटरसायकलला कंटेनरने मागून धडक दिली होती. पलीकडचा माणूस म्हणाला, 'ताई, तुम्ही लगेच या.' मी विचारलं, आहे का तो? तर पुन्हा तेच, 'तुम्ही या, ताई.' मला जे कळायचं ते कळलं. मी जिना उतरत होते आणि मैदानावर गाणं संपायचं नाव घेत नव्हतं. मधेच तो घोगरा आवाज आला, गाणं कुणाचं ते ओरडून सांगणारा... आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी रिक्षा शोधत रस्त्यावर आले.

आता दोन महिने होतील. भेटायला येणारे म्हणतात, 'जाऊ दे, गेलेल्या माणसाच्या मागे राग ठेवू नये.' मी तुषारवर रागावलेली नाही हो. ज्यांच्यावर रागावले आहे ते चांगले धडधाकट आहेत, आणि त्यांच्यावर रागवायला मला कुणाची परवानगी नको आहे.

तुषार प्रोड्युसर होता, डीजे नव्हता. हा फरक लोकांना समजावण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं आणि तरी तो कुणाला समजला नाही. बीडची आमची आत्या प्रत्येक लग्नात त्याला धरायची, 'का रं, डीजे तूच आणणार न्हवं?' हा बिचारा सांगायचा, 'आत्या, डीजे गाणी वाजवतो. मी गाणी बनवतो.' त्यावर आत्या म्हणायची, 'मग बनवून आण की.' आमचे वडील गेल्यावर मोशीच्या घरात आई आणि तो, दोघंच राहायचे. मी लग्न होऊन पिंपळे सौदागरला. दिवसा तो चाकणला गाड्यांचे दरवाजे बनवणाऱ्या प्रेस शॉपमध्ये, आणि घरी आला की हातपाय धुऊन लॉटरी लागल्यासारखा त्या खोलीत. खोली कसली, कॉट आणि कपाट यांच्या मधली जागा. आवाज घुमू नये म्हणून जुनी गादी भिंतीला उभी केलेली, मांडीवर लॅपटॉप, कानाला हेडफोन. पिंपरी-चिंचवडमध्ये अशा खोल्यांतून इलेक्ट्रॉनिक संगीत बनवणारी पोरं बरीच आहेत आणि त्यातली काही खरंच ऐकण्यासारखी आहेत, हे मला त्याच्यामुळे कळलं. तो मला पकडून त्यांची गाणी ऐकवायचा. दुसऱ्याचं चांगलं गाणं ऐकलं की स्वतःला बोनस मिळाल्यासारखा चेहरा व्हायचा. या क्षेत्रात असला स्वभाव घेऊन जाणारा माणूस लुबाडला जाणारच होता.

ज्या गाण्याबद्दल मी बोलतेय ते तुम्ही ऐकलेलं आहे. गेल्या गणपतीत, लग्नांत, हळदीत, जिममध्ये, कुठे ना कुठे ते तुमच्या कानावर पडलेलं आहे. त्यातला तो मुख्य ठोका, ज्याने खिडक्यांच्या काचा थरथरतात, तो आमच्या आईच्या खलबत्त्याचा आहे. लोखंडी खलबत्ता, लग्नात तिच्या माहेराहून आलेला. आई लसणाची चटणी कुटत होती आणि तुषार शेजारी फरशीवर मोबाईल ठेवून बसला होता. 'आई, जरा हळू. आता जोरात. आता बत्ता नुसता आपटून सोड.' आई वैतागली. 'चटणी करू का तुझा खेळ करू?' पण करत राहिली, अर्धा लसूण भिंतीवर उडाला तरी करत राहिली. मग त्याने तो आवाज लॅपटॉपवर जड केला, खोल केला, त्याच्या मागे गोंधळ्यांच्या संबळासारखी चाल लावली आणि आठवडे घालवून त्याचं गाणं केलं. तयार झाल्यावर आईच्या कानाला हेडफोन लावले. आईने थोडं ऐकलं आणि म्हणाली, 'हे मीच कुटतीया न्हवं?' तुषारने मला फोन करून हे सांगितलं तेव्हा त्याला नीट बोलताही येत नव्हतं. इतक्या बदललेल्या आवाजातून तिने स्वतःचा हात ओळखला, याचं त्याला केवढं कौतुक.

आता या पोरांची एक रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. गाण्याच्या मधे मधे बनवणाऱ्याचं नाव भारदस्त आवाजात टाकतात, त्याला टॅग म्हणतात. गाणं एका मोबाईलवरून दुसऱ्या मोबाईलवर पळतं, कागद नाही, करार नाही, तेव्हा तो टॅग हाच काय तो सातबारा. टॅग नसलेली प्रत म्हणजे अनटॅग. ती घराच्या किल्लीसारखी, अगदी विश्वासाच्या माणसालाच द्यायची. आणि आमचा हा दीडशहाणा टॅग बनवतच नसे. मी विचारलं तर म्हणाला, 'ताई, आपण जेवताना कुणी घास अडवून ओरडतं का, स्वयंपाक कुणी केलाय ते? ज्याला चव आहे तो विचारेल.' बोलणं अगदी बरोबर होतं. पण विचारणारे लोक त्याने कुठे बघितले होते देव जाणे.

त्याचा एक मित्र होता. मित्राचं नाव मी इथे लिहिणार नाही, ते पुरेसं वाजतंय. पिंपरीत त्याचा साउंड सिस्टिम भाड्याने देण्याचा धंदा, आणि गाणी बनवायचं सॉफ्टवेअर तुषारला पहिल्यांदा त्यानेच शिकवलं, हेही सांगते, म्हणजे मी एकतर्फी बोलते असं कुणाला वाटायला नको. मित्राच्या बहिणीची हळद होती. तुषारने त्या हळदीसाठी प्रेमाने अनटॅग प्रत दिली. पंधरा दिवसांत तेच गाणं मित्राच्या टॅगसकट सगळीकडे सुरू. गणपतीत तर एक मंडळ पुढे सरकलं की मागच्या मंडळाकडे तेच. वर संगीतावरच्या एका वेबसाइटने आवर्जून ऐकावेत अशा उदयोन्मुख निर्मात्यांची यादी काढली, त्यात हा मित्र. काळा गॉगल, मागे बंद कारखान्याचं शटर. खाली लिहिलेलं, यंत्रांच्या धडधडीतून जन्मलेला औद्योगिक पट्ट्याचा अस्सल आवाज. मुलाखतीत म्हणतो, मी पहाटे कारखान्यांत उभं राहून मशिनी रेकॉर्ड केल्या. खऱ्या प्रेस शॉपमध्ये मोबाईल गेटवर काढून ठेवावा लागतो, हे याला माहीत असायचं काही कारण नव्हतं आणि लिहिणाऱ्यालाही. मी ते आईला वाचून दाखवलं. आई म्हणाली, 'अगं बाई, माझ्या खलबत्त्याला कंपनी म्हणत्यात व्हय?' तुषार इतका हसला की त्याला ठसका लागला. मग उठून त्या खोलीत गेला.

त्याने मित्राला फोन केला होता. उत्तर मिळालं, 'भावा, तुझं माझं काय वेगळं आहे का?' चार ओळखीच्या लोकांना सांगितलं की गाणं माझं आहे, तर ते म्हणाले, 'राव, तुझा टॅग कुठाय त्यात?' मी वकिलाकडे जायला निघाले होते, माझ्या नवऱ्याच्या ओळखीतला होता एक. तुषारने मला थांबवलं. 'सोड ना ताई. पुढचं गाणं बनवतोय, याच्यापेक्षा भारी.' मला त्याच्या या समजूतदारपणाचा मनस्वी संताप यायचा आणि अजून येतो. चोरी पचवायची आणि वर पुढचं काम चांगलं करायचं, हा कुठला न्याय? पण तो बसला पुन्हा गादीसमोर, आणि शेवटच्या दिवसापर्यंत बसत होता.

तो गेला आणि दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला. भावपूर्ण श्रद्धांजली. वरच्या कोपऱ्यात हार घातलेला तुषार पोस्टाच्या तिकिटाएवढा, खाली हात जोडलेल्या दु:खी मंडळींची रांग आणि रांगेच्या मधोमध गॉगल डोक्यावर चढवलेला मित्र. तुषारच्या नावापुढे काय, तर सुप्रसिद्ध डीजे. जन्मभर जे नको नको म्हणाला तेच चिकटवलं, आणि सुप्रसिद्ध कधी केलं होतं त्याला कुणी? मी नवऱ्याला म्हटलं, तो काढून आण. तो म्हणाला, 'लोक काय म्हणतील?' लोकांनी मग त्या फ्लेक्ससमोर सेल्फी काढले.

तेराव्याला मित्र जेवायला आला. आईच्या पाया पडला, रडलाही. ते रडणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही, आणि याचाच जास्त त्रास होतो. जेवण झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, 'ताई, तुषारचा लॅपटॉप द्या. त्यात अजून गाणी आहेत, मला माहितीये. लोकांसमोर आणतो, त्याची आठवण राहील.' मी विचारलं, 'टॅग कुणाचा?' म्हणाला, 'चॅनेल माझं आहे ना ताई, टॅग माझाच लागेल. तुषारचं नाव खाली माहितीत टाकू की.' मी म्हटलं, 'खाली म्हणजे किती खाली? तुम्ही त्याला फ्लेक्सवर होता तेवढंही वर ठेवणार नाही का रे?' मी सांगितलं, लॅपटॉप मिळणार नाही, आणि वाढप्याला हाक मारून त्याचं ताट उचलायला लावलं.

मित्र निघून गेल्यावर आई माझ्यावर उखडली. 'द्यायचा व्हता की. वाजलं असतं.' मी म्हटलं, 'आई, त्याच्या नावाने?' तर म्हणते, 'नाव कुणाचं का असंना. माझ्या लेकराच्या हातचं हाय, त्ये कपाटात ठिवून तू काय करणार? लोणचं घालणार?' आम्ही दोघी तेराव्याच्या दिवशी भांडलो, पाहुण्यांसमोर. मला नाव हवं होतं, तिला गाणं वाजायला हवं होतं. दोन्ही एकत्र मिळावं एवढं काही जगावेगळं आम्ही मागत नव्हतो.

मग मी कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याला घरी घेऊन गेले. त्याने लॅपटॉप उघडून एक पूर्ण झालेलं गाणं काढलं आणि इंटरनेटवर टाकलं. तुषारचं नाव, आडनाव, फोटो, सगळं स्वच्छ. गाणं अप्रतिम आहे, बहीण म्हणून सांगत नाही, त्या मुलानेही हेडफोन काढल्यावर आधी पाणी मागितलं. माझ्या नातेवाइकांनी ऐकलं, लायब्ररीतल्या सहकाऱ्यांनी ऐकलं. आठवड्याने एका अनोळखी माणसाची पहिली कमेंट आली. त्यात त्या मित्राचं नाव घेऊन लिहिलं होतं, त्याची सरळ सरळ कॉपी आहे, पण जमलीय बऱ्यापैकी. मी उत्तर लिहायला घेतलं, मोठं लिहिलं, आणि पुसून टाकलं... कुठून सुरुवात करणार?

परवा आईला डोळे दाखवायला पिंपरीला घेऊन गेले होते. शेअर रिक्षा होती, मी आणि आई मागे, आमच्या शेजारी एक कॉलेजातली मुलगी. रिक्षावाल्याने गाणं लावलं आणि ते तेच निघालं. मी आईचा हात धरला, पण ती शांतपणे बाहेरची दुकानं बघत होती. टॅग आला, मित्राचं नाव दणक्यात वाजलं. आणि आई, कुणाकडे न बघता, भाजीचा भाव सांगावा इतक्या साध्या आवाजात म्हणाली, 'माझ्या तुषारचं हाय.' मला वाटलं मला म्हणाली. पुढे पुन्हा टॅग आला, पुन्हा तेच, 'माझ्या तुषारचं हाय.' मी विचारलं तेव्हा तिने सांगितलं की ती रोजच म्हणते. भाकरी थापताना खिडकीतून आलं तरी, दळण आणायला गेल्यावर गिरणीत लागलं तरी. कुणाला सांगते, असं विचारलं तर म्हणाली, 'कुनाला न्हाई. त्यो त्याचं नाव घेतो, मी माझ्याचं घेते.' शेजारच्या मुलीने रिक्षावाल्याला सांगितलं, 'भाऊ, आवाज वाढवा ना.' त्याने वाढवला. तिसऱ्यांदा टॅग आला तेव्हा आईचे ओठ हललेले मला दिसले, ऐकू मात्र काही आलं नाही.